सायलेन्सरमधून धूर येतोय? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीतून चौथ्याच दिवशी निळा धूर यायला लागला, तेव्हा मी घाबरून एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, "रिंगा गेल्या साहेब. इंजिनचं काम काढावं लागेल." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या.) अंदाज 40 हजारांचा. दुसरं मत घ्यायला एका वयस्कर फिटरकडे गाडी नेली. त्यांनी काही बोलायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं! जुनं ऑइल पुरतं न काढताच नवं ओतलं गेलं होतं. फिरता क्रँकशाफ्ट ते ऑइल रवीसारखं घुसळत होता, त्याचा फेस ब्रीदर पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरायच्या वाटेत, जात होता आणि तिथून सिलिंडरमध्ये जळत होता. जादा ऑइल काढल्यावर दोन दिवसांत धूर थांबला.

त्या मिस्त्रीने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकं त्याचं बरोबरच होतं. पण ऑइल जळण्याची कारणं सात-आठ आहेत आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या कारणावर त्याने थेट उडी मारली. रंगावरून नुसती दिशा कळते. नेमकं दुखणं कळायला दोन प्रश्न विचारावे लागतात: धूर कधी येतो, आणि गाडीतलं काय कमी होतंय? ऑइल, कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) की इंधन? खालचा सगळा क्रम याच दोन प्रश्नांभोवती आहे. यातलं बरंचसं घरी, हत्याराशिवाय करता येतं.

आधी नोंद, मग निदान

गाडी संध्याकाळी सपाट जागेवर उभी करा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि फोटो काढा. कुलंटच्या टाकीवर पातळीपाशी मार्करने रेघ मारा. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. हे पाच मिनिटांचं काम लोक कंटाळा करून टाळतात आणि मग "ऑइल जरा जास्त लागतंय वाटतं" एवढंच मेकॅनिकला सांगू शकतात.

आता घरातल्या कुणाला तरी गाडी सुरू करायला बसवा. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. तुम्ही मागे, पण सायलेन्सरच्या सरळ रेषेत नाही, बाजूला उभे राहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. हे उघड्यावरच करायचं. सोसायटीच्या बंद तळघरात किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर येईपर्यंत काही कळत नाही.

चार वेळा पाहायचं: थंड इंजिन सुरू होताना पहिले दहा सेकंद, दहा-बारा किलोमीटर चालवून तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आल्यावर, गरम गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग अचानक रेस केल्यावर, आणि चढावर जोर लावताना. शेवटच्या वेळी मागून दुसऱ्या गाडीत कुणी असेल तर उत्तम, नाहीतर आरसा आहेच.

शिवाय एक कागदाची चाचणी. पांढरा कागद आयडलवर चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरपासून फूटभर अंतरावर मिनिटभर धरा. ओला होऊन स्वच्छ वाळला तर पाणी. काळी पूड बसली तर काजळी. तेलकट डाग राहिले आणि वाळत नसतील तर ऑइल. फार शास्त्रशुद्ध नाही, पण संध्याकाळच्या उजेडात निळा आणि पांढरा धूर सारखाच दिसतो, तेव्हा उपयोगी पडते.

पांढरा धूर, जो धूरच नसतो

एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं. डिसेंबरात महाबळेश्वरला किंवा नाशिककडच्या थंडीत सकाळी या वाफेचे थंड सायलेन्सरमध्ये बारीक थेंब होतात, ती पांढरी दिसते आणि थेंबही टपकतात. सीएनजीवर हे प्रमाण आणखी जास्त, कारण त्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा असतो. ही वाफ दोन-तीन फुटांवर हवेत विरून जाते, तिला वास नसतो आणि सायलेन्सर तापला की थांबते. यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा लोट येत असेल, तो विरून न जाता रस्त्यावर रेंगाळत असेल आणि वास गोडसर असेल, तर सिलिंडरमध्ये कुलंट जातंय. कारण हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), तडा गेलेलं हेड, क्वचित ब्लॉक. काही जुने मिस्त्री सायलेन्सरचं पाणी जिभेला लावून बघतात. तुम्ही तसं करू नका, कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

खात्री अशी करायची:

पहिलं, रेघ मारलेली पातळी. आठवड्याभरात कुलंट उतरलं आणि खाली कुठेही गळतीचा डाग नाही, तर ते आत जातंय.

दुसरं, थंड इंजिनवर टाकीचं झाकण उघडून गाडी सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊ शकतात, पण थांबायला हवेत. रेस करताच बुडबुडे वाढत असतील तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये शिरतोय. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. आत सुमारे एक बार जादा दाब असतो, त्या दाबाला पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते उकळतं पाणी तोंडावर येतं.

तिसरं, रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा. इंजिन अजून थंड आणि होज मात्र दगडासारखा कडक, हे वाईट लक्षण आहे.

चौथं, पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढा. तीन प्लग फिकट तपकिरी आणि एक धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर कुलंट त्याच सिलिंडरमध्ये जातंय. वाफेने तो साफ झालेला असतो.

पाचवं, मेकॅनिककडची रसायनाची चाचणी. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात. कुलंटमधून जळलेला वायू येत असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. गॅस्केटचं काम मान्य करण्याआधी ही चाचणी मागाच.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला म्हणून मात्र लगेच हेड उतरवायला देऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर आतला दमटपणा उडून जात नाही आणि झाकणाखाली असा साय जमल्यासारखा थर बसतो. पन्नास किलोमीटर सलग चालवून पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं दिसत असेल, तर मात्र गाडी तिथेच थांबवा.

कुलंट आत जातंय हे पक्कं झालं की गाडी टोइंगने न्या. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सकाळी स्टार्टर "टक" करून अडकला तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका.

कामाच्या वेळी दोन गोष्टी विचारा. हेड मशिन शॉपमध्ये पाठवून सपाटी आणि दाब, दोन्ही तपासले का? आणि इंजिन तापलं कशामुळे होतं? गॅस्केट बहुतेक वेळा आपणहून जात नाही. फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर आधी जातो, त्यात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. आपल्याकडे बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आहे, त्याचे क्षार आत बसतात. मूळ कारण तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही उडणार.

डिझेल गाडीत पांढऱ्या धुराचा आणखी एक प्रकार असतो: डोळे चुरचुरतात आणि वास कच्च्या डिझेलचा येतो. हे न जळलेलं डिझेल. फक्त सकाळी, तेही इंजिन थरथरत, येत असेल तर हीटर प्लग तपासा. मल्टिमीटरवर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. सर्किट तुटलेलं दिसलं की तो गेला. गरम झाल्यावरही येत असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी आहे. आणि डिझेल गाडीत कुलंट आत जातंय पण गॅस्केटची चाचणी स्वच्छ येते, अशा वेळी ईजीआर कूलर (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडण्याआधी कुलंटने थंड करणारा भाग) फुटलाय का ते बघायला सांगा. हेड उतरवून झाल्यावर हे सुचलेलं मी पाहिलंय.

निळा धूर

इथे घाईने सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून सावकाश.

सुरुवात स्वस्त गोष्टींपासून. ऑइल जास्त भरलंय का? बहुतेक मोटारींत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, त्यामुळे अर्धा लिटर जादाही लक्षात येतो. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह: क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा छोटासा व्हॉल्व्ह. काढून हलवला तर बऱ्याच गाड्यांत तो खुळखुळायला हवा. चोंदला असेल तर आतला दाब वाढून ऑइल भलतीकडून ढकललं जातं. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडलं तर संशय आधी इथेच घ्या.

हे ठीक असेल तर वेळ बघा.

सकाळी सुरू करताच निळा भपका आणि मग दिवसभर स्वच्छ: व्हॉल्व्ह सील. रबर उष्णतेने कडक झालेलं असतं, रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतं आणि सकाळी जळतं. सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना भपका आला तरी पहिला संशय सीलवरच.

याची पक्की परीक्षा घाटात होते. नाशिकहून मुंबईकडे येताना कसारा घाट उतरताय समजा. गाडी गिअरमध्ये, पाय एक्सलरेटरवरून पूर्ण काढलेला. थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि सैल सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. उतार संपल्यावर एक्सलरेटर दाबला आणि मागे निळा ढग सुटला, तर सील किंवा व्हॉल्व्ह गाइड. ही परीक्षा पेट्रोल गाडीसाठी. डिझेलमध्ये इतका निर्वात तयार होत नाही. सील बदलण्यासाठी बऱ्याच इंजिनांत हेड उतरवावंही लागत नाही, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह जागच्या जागी धरता येतात. तुमचा मेकॅनिक असं करतो का, विचारून बघा.

चढावर, ओव्हरटेक करताना, जोर लावला की सतत निळा: आता रिंगांची शंका घ्यायला हरकत नाही. आयडलवर ऑइलचं झाकण उघडून बघा. हलकी धडधड चालते, डिझेलमध्ये जरा जास्तच असते. पण आगगाडीसारखे भपकारे येत असतील तर जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोय.

यापुढे कॉम्प्रेशन टेस्ट. ती नीट अशी होते: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधनाचा पुरवठा बंद, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 200 पीएसआय मिळायला हवं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे गडबड. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट.

एक मेख आहे. कॉम्प्रेशन धरणाऱ्या रिंगा वेगळ्या आणि ऑइल खरवडणारी रिंग वेगळी. ती तिसरी रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसली तर कॉम्प्रेशन उत्तम येतं आणि गाडी तरीही ऑइल खाते. म्हणून "टेस्ट चांगली आली म्हणजे रिंगा ठीक" हेही पूर्ण खरं नाही. अशा वेळी 1000 किलोमीटरला किती ऑइल लागतं ते मोजा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कंपनीने मान्य केलेलं प्रमाण बहुधा दिलेलं असतं. त्याच्या आत असेल तर मी तरी इंजिन उघडणार नाही, ऑइल घालत राहीन.

टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणारा पाइप काढा. आत तेलकट पापुद्रा असणं चालतं, डबकं असणं नाही. टर्बोच्या चाकाला बोटाने वर-खाली हलवल्यावर ते आजूबाजूच्या भिंतीला लागत असेल तर बेअरिंग गेलं. टर्बो बदलायच्या आधी त्यातून ऑइल खाली उतरणारा पाइप चोंदलाय का हे बघायला सांगा, कारण तो चोंदला तर नवा टर्बोही गळेल.

डिझेलवाल्यांसाठी इथेच एक धोक्याची सूचना. टर्बोचं सील पुरतं गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावू लागतं. आरपीएम आपोआप चढतात, मागे ढगच ढग, आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर उतरून लांब जा. इनटेकवर हात धरायचा शहाणपणा नको.

आणि जुनी गाडी घेताना: 5डब्ल्यू-30 सारखं पातळ ऑइल लागणाऱ्या इंजिनात 20डब्ल्यू-50 सारखं जाड ऑइल भरलं की धूर काही दिवस दबतो. विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" हे उत्तर ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जा.

काळा धूर

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. इंजिन उघडायची वेळ यात क्वचितच येते, त्यामुळे धीर धरा.

आधी एअर फिल्टर. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच भरतो. पेट्रोल गाडीत त्यानंतर स्कॅनर. ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. दोन आकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीत चावी फिरवताच कुलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. बाहेर 28 अंश आणि स्क्रीनवर उणे 20 असेल तर सेन्सर गेलाय, आणि इंजिन बर्फात आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओततोय. दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिम: तो सतत उणे 10 टक्क्यांच्या खाली असेल तर कॉम्प्युटर इंधन कमी करायला धडपडतोय, म्हणजे ते कुठून तरी जास्त येतंय. गळका इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), या क्रमाने शोधा.

सीएनजीची गाडी असेल तर तुमच्याकडे फुकटची चाचणी आहे. गरम इंजिन आधी सीएनजीवर आणि मग पेट्रोलवर चालवा. काळा धूर फक्त पेट्रोलवर आला तर दोष पेट्रोलच्या इंजेक्टरकडे असण्याची शक्यता मोठी. निळा धूर दोन्हींवर येईल, ऑइलला इंधन कोणतं याच्याशी देणंघेणं नाही.

पीयूसीचा कागदही नीट वाचा. बीएस 4 (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम आहे. पहिला आकडा चढला तर मिश्रणात पेट्रोल जास्त. दुसराच चढला तर मिसफायर किंवा ऑइल.

जुन्या डिझेलमध्ये जोरात एक्सलरेटर दाबल्यावर क्षणभर काळी फुंकर येते, ते चालतं. धूर टिकून राहत असेल आणि पिकअप पडला असेल तर टर्बोचा होज पाइप फाटलाय का बघा. साबणाचं पाणी लावून कुणाला तरी रेस करायला सांगितलं की चीर फुसफुसते. मग कार्बनने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी इंजेक्टर. ते बदलण्याआधी प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडून परत येणारं डिझेल मोजतात. जी बाटली इतरांपेक्षा खूप भरते तो इंजेक्टर झिजलेला. चारही बदलायची गरज नसते.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यांच्यातून काळा धूर दिसताच कामा नये. थंड सायलेन्सरच्या आत बोट फिरवा. काळं झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा आधीच्या मालकाने काढून टाकलाय. हाच डीपीएफ साठलेली काजळी अधूनमधून सुमारे 600 अंशांवर जाळतो, तेव्हा जळकट वास आणि थोडी वाफ येते, तो बिघाड नाही. पण शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हे जळणं अर्धवट राहिलं तर जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसते. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदलून टाका आणि मग महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

काम झाल्यावर

नवे सील किंवा रिंगा टाकून गाडी बाहेर काढली आणि पुन्हा निळा धूर दिसला, तर पहिल्याच दिवशी मेकॅनिकशी भांडू नका. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळायला वेळ लागतो. आधीसारखीच नोंद करा: डिपस्टिकचा फोटो, कुलंटची रेघ, मीटरचा आकडा. 1000 किलोमीटरनंतर त्याच सपाट जागी, तशाच थंड इंजिनवर दुसरा फोटो काढा. पातळी उतरलेली दिसली, तर दोन्ही फोटो घेऊन परत जा.